कीर्तनाचे पाकीट घ्यावे की नाही?

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

‘माझे वय 27. आळंदीत चार वर्षे राहून, माधुकरी मागून वारकरी शिक्षण घेतले. आता तीन वर्षे कीर्तने करतो. घरी तीन एकर कोरडवाहू जमीन, दोन गाई आणि थकलेले आईवडील आहेत. मागच्या वर्षी लग्न झाले. सुरुवातीला कोणी काही दिले तर घ्यायचो, नाही दिले तर तसाच परतायचो. आता सप्ताहांच्या तारखा जमवून देणारे एक गृहस्थ म्हणतात, “महाराज, एका कीर्तनाचे 15 हजार सांगत चला, नाही तर लोक तुम्हाला कच्चे समजतात.” श्रावणातल्या चार तारखा त्यांनी ठरवूनही टाकल्या आहेत. दुसरीकडे गावच्या दूध संकलन केंद्रावर हिशेब लिहिण्याची नोकरी चालून आली आहे. पगार बेताचा आहे. पत्नी म्हणते, नोकरी धरा. सोबतचे महाराज म्हणतात, कीर्तनकाराने आता दुधाची मापे मोजायची का? मला देवाची सेवा निष्काम करायची आहे. पैसे घेणे पाप आहे का? आणि मी काहीही न घेता सेवा केली, तर देव माझा संसार चालवील ना?’
— एक तरुण कीर्तनकार, बीड जिल्हा

रामकृष्ण हरी.

तुम्ही पाकिटाच्या प्रश्नाला मोठे मानले आहे. मी मात्र तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी थांबलो. ‘काहीही न घेता सेवा केली, तर देव माझा संसार चालवील ना?’ म्हणजे मोल सप्ताहाच्या कमिटीकडून घ्यायचे नाही, ते देवाकडून वसूल करायचे. देणारा बदलला, व्यवहार तोच राहिला. भागवताच्या सातव्या स्कंधात नृसिंह प्रल्हादाला ‘वर माग’ म्हणतात, तेव्हा तो जे उत्तर देतो ते तुम्हाला पाठ असेल: सेवेच्या बदल्यात जो वराची आशा धरतो तो सेवक नव्हे, तो वाणी आहे, ‘न स भृत्यः स वै वणिक्’. यावर तुम्ही म्हणाल की गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी स्वतःहून योगक्षेमाचा भार उचलला आहे. उचलला आहे, पण तो अनन्य होऊन चिंतन करणाऱ्यांचा. आणि योगक्षेमावर डोळा ठेवून जो चिंतनाला बसला, त्याच्या चित्तात दुसरे काहीतरी शिरलेच. ते वचन हमीपत्रासारखे हातात धरून देवापुढे उभे राहिले, की त्याच क्षणी आपण त्या वचनाच्या बाहेर पडतो.

याचा अर्थ संसाराची काळजी देवाजवळ बोलून दाखवू नये असा नाही. सातव्या अध्यायात आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी असे चार भक्त सांगून भगवंत चौघांनाही उदार म्हणतात; अर्थार्थी त्यातून वगळलेला नाही. घरात दाणा नसताना देवाकडे दाणा मागणारा माणूस मला दांभिक वाटत नाही. मागायचे असेल तर सरळ मागावे; फक्त त्या मागण्याला निष्काम सेवा हे नाव देऊ नये, कारण मग दाणा आला नाही म्हणजे सेवेवरचा जीवही उडतो. तुम्ही आज सत्तावीस वर्षांचे आहात. ही अट मनात ठेवून निघालात, तर चाळिशीत कधीतरी, मुलाची फी भरताना, ‘एवढे केले आणि देवाने काय दिले?’ असे म्हणणारा एक कडवट महाराज तुमच्यात तयार झालेला असेल. असे महाराज मी पाहिले आहेत, आणि पैसे घेणाऱ्यांपेक्षा त्यांचे मला अधिक वाईट वाटते.

आता पाकीट. तुकोबांचा तो अभंग तुम्ही जाणताच आणि त्यात पळवाट नाही. जेथे कीर्तन करावे तेथे अन्न न सेवावे. कपाळी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये. पुढच्या चरणाशी आपण सहसा थांबत नाही, पण तुम्ही थांबा: ‘तट्टावृषभासी दाणा । तृण मागों नये जाणा’. ज्या तट्टावर किंवा बैलावर बसून कीर्तनकार आला, त्याच्यासाठी दाणावैरणसुद्धा मागायची नाही. म्हणजे आजच्या भाषेत डिझेल. ‘आम्ही मानधन घेत नाही, फक्त गाडीखर्च घेतो’ असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेच सज्जन आहेत. पण तुकोबांनी तीही वाट बुजवून ठेवली आहे, हे त्यांनी आणि तुम्हीही मान्य केले पाहिजे. गाडीखर्च ही सवलत आहे, ती सवलत म्हणूनच घ्यावी. शेवटच्या चरणात द्रव्य घेणाऱ्यांबरोबर देणारेही नरकात धाडले आहेत, याची आठवण सप्ताह कमिट्यांना कोणी करून देत नाही, कारण ती करून देणारा माणूस पाकीट खिशात घालूनच परतायचा असतो.

नारदीय कीर्तनाची गोष्ट निराळी आहे. तिथे हरिदासाने बिदागी घेणे आणि आरतीच्या ताटात पैसे पडणे हे उघड आणि मान्य आहे. पूर्वरंग-उत्तररंग, आख्यान, रागदारी अशी ती कला वृत्ती म्हणून जोपासली गेली, आणि त्या हरिदासांना मी वारकरी अभंगाच्या तराजूत तोलणार नाही. तुम्ही त्या वाटेने आला नाहीत. तुम्ही शिकलात ते आळंदीत, जिथे विष्णुबुवा जोगांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली, आणि शिकताना दारोदार फिरून माधुकरी मागितलीत. ज्या बायकांनी चार वर्षे तुमच्या झोळीत भाकरी-कोरड्यास घातले, त्यांनी तुमच्या शिक्षणाचा खर्च आधीच उचलला आहे. मग त्याच विद्येचे 15 हजार सांगायचे म्हणजे त्यांच्या भाकरीचे मोल दुसऱ्याच गावाकडून घेण्यासारखे आहे. हे तुमच्याइतके तुमच्या सोबत्यांनाही लागू आहे, पण पत्र तुम्ही लिहिले म्हणून तुम्हाला सांगतो.

पाप आहे का, असे तुम्ही विचारता. पापपुण्याचा निवाडा मी करणार नाही. पैशाने कीर्तनाचे काय होते तेवढे सांगतो, कारण ते आयुष्यभर टाळकऱ्यांच्या मागे बसून पाहिले आहे. कीर्तन संपते, आरती होते, लोक पाया पडून पांगतात आणि महाराजांना सरपंचांच्या ओसरीवर नेले जाते. तिथे शाल, नारळ आणि नारळाखाली पाकीट. महाराज पाकिटाकडे पाहत नाहीत. ते चष्म्याच्या डबीसारखे सहज बंडीच्या खिशात जाते. पण जाताना अंगठा एकदा त्यावरून फिरतो, जाडी कळते, आणि पुढच्या वर्षीच्या तारखेला होकार किती गोड द्यायचा ते तिथल्या तिथे ठरते. हे एवढेच असते तर मी म्हटले असते, चालायचेच. पण तो अंगठा पुढच्या कीर्तनातही असतो. ज्या पुढाऱ्याने सप्ताहाच्या मंडपाचा खर्च केला, त्याच्यासमोर वाळूउपशावर बोलायचे की नाही? व्यसनावर बोलावे, तर समोरच्या पहिल्या रांगेत देणगीदार बसलेला, आणि त्याचे दुकान कशाचे आहे ते सगळ्या गावाला माहीत. मग अभंगाचे चिंतन आवरते घेतले जाते आणि सुनांवरचे, बायकांच्या मोबाइलवरचे विनोद सुरू होतात, कारण त्यांना हशा हमखास पडतो आणि त्यांच्यातले कोणी पाकीट भरत नसते. दोन तासांच्या कीर्तनात चार चरणांपैकी एकच उलगडलेला आणि उरलेला वेळ टाळ्यांचा, अशी कीर्तने तुम्हीही ऐकली असतील. ती करणाऱ्यांत पाठांतर कमी नसते आणि गळाही कमी नसतो. त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणे यायला हवे असते, एवढेच.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: दूध केंद्रावरची नोकरी धरा. पत्नी बरोबर सांगते आहे. कीर्तनाचे पैसे घेऊ नयेत एवढे म्हणून थांबणारा उपदेश अर्धवट असतो, कारण पोट थांबत नाही. ज्याची भाकरी कीर्तनाबाहेरून येते त्याचीच जीभ कीर्तनात मोकळी राहते. आपल्या संतांची घरे याच पायावर उभी होती. अरणचा सावता माळी मळ्यात राबत होता आणि ‘कांदा मुळा भाजी’ म्हणत तिथेच त्याला विठाई भेटली. तेरचा गोरोबा मडकी घडवत होता. नरहरी सोनार, सेना न्हावी, नामदेवांच्या घरचे शिंपीकाम, जनाबाईंचे दळण. यांच्यातल्या एकानेही अभंगावर चूल पेटवली नाही. सोनोपंत दांडेकर जोगांच्या शिष्यांपैकी. पुण्यात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि त्याच काळात कीर्तन-प्रवचनही करत राहिले. प्राचार्याच्या खुर्चीने त्यांचे कीर्तन उणे झाले नाही, तर दुधाच्या वजनकाट्याने तुमचे का व्हावे? गाडगे महाराजांचे उदाहरण तुमचे सोबती देतील: त्यांनी लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मागून आणलेली भाकरी खाल्ली. पण त्यांनी घर सोडले होते, आणि जोग महाराज ब्रह्मचारी होते. तुमच्या घरात मागच्या वर्षी एक मुलगी लग्न होऊन आली आहे. तो कित्ता तुम्हाला जसाच्या तसा गिरवता येणार नाही, आणि गिरवू नये.

सोबत्यांनी दुधाच्या मापाला हसावे याचे मला थोडे आश्चर्य वाटते. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातली ‘स्वकर्मकुसुमांची वीरा’ ही ओवी ते कीर्तनात म्हणत असतीलच. आपल्या वाट्याला आलेल्या कामाची फुले करून त्या सर्वात्मक ईश्वराची पूजा करावी, असे माउली म्हणतात. त्यात कामाची प्रतवारी लावलेली नाही. आणि हे काम वाटते तितके साधे नाही. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून निघतो, त्याखाली आकडा घसरला की शेतकऱ्याचे पैसे कापले जातात. सकाळी सहाला कॅन घेऊन आलेल्या म्हातारीला यंत्रावरचा आकडा वाचता येत नाही, तुम्ही वहीत जो लिहाल तो तिचा. तिथे एका दशांशाची हेराफेरी न करणे, पावती तिच्या हातात देणे, आकडा मोठ्याने वाचून दाखवणे, आणि केंद्राच्या चालकाने डोळा मारला तरी न पाहिल्यासारखे करणे, ही रोजची सकाळ-संध्याकाळची सेवा आहे. तिला टाळ-मृदंग नाही आणि कोणी पायाही पडत नाही. ती निष्काम राहण्याची शक्यता व्यासपीठावरच्या सेवेपेक्षा मला जास्त वाटते.

वेळेचेही जमते. सप्ताहातला काकडा, पारायण, गाथाभजन, प्रवचन यांची माणसे वेगळी असतात. तुमचे कीर्तन रात्री नऊला उभे राहते आणि अकराला संपते. संध्याकाळचे संकलन आटोपून, घरी भाकरी खाऊन, मोटरसायकलवर जाता येईल अशीच गावे घ्या. घरी जेवून निघालात तर तुकोबांची पहिली अट आपोआप पाळली जाते. अंतर कमी ठेवले तर तट्टाच्या दाण्याचा प्रश्नही जवळजवळ मिटतो. पंचवीस-तीस किलोमीटरचे पेट्रोल पगारातून सुटते. लांबची बोलावणी नाकारावी लागतील आणि नाव जिल्ह्याबाहेर जाणार नाही. ते गेले पाहिजे असे आतून वाटत असेल, तर या सगळ्या पत्राचा पुन्हा विचार करा, कारण मग तुम्हाला हवे आहे ते काही वेगळेच आहे.

एक सावधगिरी मात्र घ्या. तुमचा त्याग तुमच्याच खिशातून व्हायला हवा. तुमच्याबरोबर मृदंग वाजवणारा मुलगा आणि चाली म्हणणारे गायक यांना गावाने काही दिले तर ते त्यांचे त्यांना मिळू द्या. ‘आमच्याकडे कोणी काही घेत नाही’ असे त्यांच्या वतीने तुम्ही जाहीर करू नका. मृदंगवाल्याला कीर्तनकाराइतके बोलावणे नसते, मानही नसतो, आणि शाई भरून घेण्याचा खर्च त्याचा त्यालाच करावा लागतो. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली अशी परंपरा आहे, तीच परंपरा हेही सांगते की धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची खते त्यांनी आधी त्याला वेगळी काढून दिली. घरचेही तसेच. आईवडिलांच्या औषधाला आणि पत्नीच्या गरजांना कात्री लावून निःस्पृहता मिरवू नका. तुकोबांच्या घरी त्यांच्या पत्नी जिजाईंनी काय सोसले ते आपण कीर्तनात हशा पिकवायला वापरतो. तिच्या जागी उभे राहून ते कोणी सांगत नाही.

दुसरी सावधगिरी अवघड आहे. पाकीट बंद झाले की मान वाढतो. ‘हे महाराज एक पैसा घेत नाहीत’ ही ओळ फ्लेक्सवर येते, सूत्रसंचालक ती दोनदा सांगतो, आणि हळूहळू तीच तुमची बिदागी होते. शिवाजी महाराजांकडून मानमरातब आला तेव्हाचा म्हणून जो अभंग सांगतात, त्यात तुकोबा दिवट्या, छत्री, घोडे परत करतातच, पण त्याच अभंगात पुढे ‘मान दंभ चेष्टा’ यांना डुकराची विष्ठा म्हणतात. पैसा परत करता येतो. मान परत करायची सोय नसते, तो कानांतून आत गेलेला असतो. त्यावर माझ्याकडे खात्रीचा उपाय नाही. एवढे करता येईल की तुम्ही पैसे घेत नाही हे कमिटीला एकदा, चारचौघांत नव्हे, फोनवर सांगावे, आणि ते व्यासपीठावरून सांगू नये अशी अट घालावी. गावात कीर्तनाशिवायची कामेही करा: पंगत उठल्यावर पत्रावळी उचलणे, मंडपाच्या सतरंज्या गोळा करणे, काकड्याला चार म्हाताऱ्यांबरोबर टाळ धरणे. महाराजांनी हे करायचे नसते असे लोक म्हणतील. म्हणू द्या.

आणि मधल्या काळात, पगार सुरू होईपर्यंत, कोणी आपणहून काही दिले तर? वडिलांच्या औषधाचे पैसे थकले असतील तर घ्या, सांगून घ्या, आणि ते घ्यावे लागले हे स्वतःशी कबूल करा. त्याला ‘प्रसाद’ म्हणू नका. ठरवून, आकडा सांगून मात्र एकदाही घेऊ नका, कारण आकडा एकदा तोंडातून गेला की पुढच्या वर्षी तो कमी सांगता येत नाही.

राहिल्या श्रावणातल्या त्या चार तारखा. शब्द गेलेला आहे, तो मोडू नका. गावाने मंडप आणि पंगत ठरवून ठेवलेली असते, आणि ऐन वेळी कीर्तनकार फिरला तर त्रास तुमच्या तत्त्वाला होत नाही, वर्गणी गोळा करणाऱ्या पोरांना होतो. चारही कमिट्यांना तुम्ही स्वतः फोन करा आणि विचारा की त्यांना किती आकडा सांगितला गेला आहे; तो 15 हजार असेलच असे नाही, जास्तही असू शकेल. त्यांना सांगा की मी येतो आहे, मला द्यायचे काही नाही, मृदंगवाल्याचे आणि गायकांचे तेवढे पाहा. तारखा जमवणाऱ्या गृहस्थांना ही गोष्ट गावांकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या. ते रागावतील, आणि पुढच्या तारखा थांबतील. त्या थांबल्या तरी आसपासची गावे तुम्हाला बोलावतील, कारण बिनपैशाचा आणि अभंग सोडून न बोलणारा कीर्तनकार त्यांनाही हवाच असतो. चारपैकी एखादी तारीख काल्याची असेल तर ते कीर्तन सकाळी दहाचे असते आणि सकाळच्या संकलनाशी त्याची गाठ पडू शकेल. त्या दिवशी तुमची पाळी कोण सांभाळील, ते नोकरीवर रुजू होण्याआधीच केंद्राच्या चालकाशी बोलून ठेवा.